नागपूरच्या हवेत गॉडझिला सांभाळताना

गॉडझिला, रोडान, मोथ्रा, किंग गिडोरा या जपानच्या तोहो कंपनीच्या चित्रपटांतील महाकाय प्राण्यांच्या फिगर, म्हणजे संग्राहकांसाठीच्या छोट्या प्रतिकृती, मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एक मऊ व्हिनाइलची, आतून पोकळ, हातपाय तेवढे फिरणारी. आणि दुसरी पीव्हीसी व एबीएस प्लास्टिकची, जिच्यात मान, जबडा, कंबर, घोटे आणि शेपटीचे तुकडे वेगवेगळे वळवता येतात. हे मार्गदर्शन दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. बंदाई या जपानी खेळणी-कंपनीची २०११ साली सुरू झालेली एस. एच. मॉन्स्टरआर्ट्स ही त्यातील सर्वांत परिचित मालिका. तिच्यातील बहुतेक गॉडझिला साधारण १५-१६ सेंटिमीटर उंच असतात. परंतु शेपटीला मागे बरीच जागा लागते, म्हणून कपाट करून घेताना उंचीपेक्षा त्याच्या पुढून मागपर्यंतच्या खोलीचे माप आधी घ्यावे.

खरेदीपूर्वी आपल्याला कोणत्या वर्षीचा गॉडझिला हवा आहे, हे ठरवावे, कारण तोहोने पुढील चित्रपटांसाठी वारंवार नटाने अंगात घालायचे नवे रबरी पोशाख घडवले आणि फिगर त्या त्या पोशाखाबरहुकूम बनतात. इशिरो होंडा यांच्या १९५४ च्या मूळ चित्रपटात हारुओ नाकाजिमा यांनी घातलेल्या पोशाखाला लहान कान होते आणि पावलांना चार-चार बोटे होती. १९६२ च्या पोशाखात कान गेले आणि बोटे तीन झाली. १९८४ मध्ये दोन्ही परत आले. १९८९ च्या पोशाखात दातांच्या दोन रांगा दिसतात. विक्रेत्याने केवळ चेहऱ्याचे छायाचित्र दिले असेल, तर पावलांचे आणि उघड्या जबड्याचेही मागावे. वर्णनातील वर्षाची खातरजमा तिथेच होते. माझ्या मते नवख्याने १९५४ ते १९७५ किंवा १९८४ ते १९९५ यांपैकी एकच कालखंड निवडावा. एकाच काळातील तीन फिगर शेजारी उभ्या केल्या की त्यांच्यात जो मेळ दिसतो, तो मिळेल ते घेत गेल्याने जमत नाही.

सीताबर्डी किंवा इतवारीतील खेळण्यांच्या दुकानांत या मालिका सहसा सापडत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन प्री-ऑर्डर किंवा जपानमधील जुन्या वस्तूंची दुकाने हेच मुख्य मार्ग उरतात. अमिअमीसारखे जपानी ऑनलाइन दुकान वापरलेल्या फिगरची आणि तिच्या खोक्याची प्रत वेगवेगळी नोंदवते. खोके दुमडलेले पण फिगर उत्तम, अशी वस्तू पुष्कळदा किफायतशीर ठरते. किंमत ठरवताना टपालखर्च, सीमाशुल्क आणि कुरिअरचे शुल्क आधीच धरावे. फार स्वस्त दिसणाऱ्या फिगरच्या बाबतीत कंपनीच्या अधिकृत छायाचित्रांशी पाठीवरच्या काट्यांची टोके आणि डोळ्यांची रंगरेषा ताडून पाहावी. नकली मालात हे बारकावे बोथट असतात.

फिगर हाती आल्यावर लगेच जोर लावून पोज देऊ नये. रंगामुळे सांधे चिकटलेले असू शकतात आणि बारीक खुंटी अशाच वेळी तुटते. घट्ट वाटणारा सांधा हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा, मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ धरून हळूहळू, मागे-पुढे थोडाथोडा हलवावा. तरीही अडत असेल, तर शुद्ध सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. शिलाई मशीनचे तेल वापरू नये, कारण खनिज तेलाने एबीएसला तडे जाऊ शकतात. उभे करताना दोन्ही पावले सपाट टेकवून शेपटीचे टोक जमिनीला लावावे आणि वजन तिन्ही ठिकाणी वाटावे. किंग गिडोराच्या तीन माना व मोठे पंख यांमुळे भार एका बाजूला कलतो. त्याला आधाराचा स्टँड द्यावाच.

आपल्या शहरात सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती उन्हाळ्याची. नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पीव्हीसी मऊ पडते, आणि वजन एका घोट्यावर असलेली फिगर आठवडाभरात कायमची कलू शकते. म्हणून एप्रिलपासून पावसाळा येईपर्यंत सर्व फिगर सरळ, साध्या पोजमध्ये ठेवाव्यात. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर किंवा माळ्यावर त्या ठेवू नयेत. पार्सल दुपारी येणार असेल, तर कोणीतरी घरी असावे, आणि बाहेरून आणताना ते दुचाकीच्या डिकीत राहू देऊ नये. कूलरचा झोतही कपाटावर नको, कारण त्या दमट हवेबरोबर येणारी धूळ खवल्यांच्या खाचांत घट्ट बसते.

काचेचे कपाट पूर्ण बंद ठेवल्यास पीव्हीसीतील मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू बाहेर येऊन पृष्ठभाग चिकट होतो. दर पंधरवड्याला दारे काही वेळ उघडावीत. चिकटपणा आलाच, तर भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने फिगर धुवावी आणि सांध्यांतले पाणी निथळेपर्यंत पंख्याखाली सावलीत वाळवावी.