जीवाश्मांसाठी पितळी स्टँड: माझा अनुभव

अमोनाइट (वेटोळ्या कवचाच्या प्राचीन सागरी जीवाचा जीवाश्म) आडवा ठेवला की त्याची अर्धी शान जाते. ती वेटोळी समोरूनच दिसायला हवीत. तयार प्लॅस्टिकच्या स्टँडवर माझे जड नमुने डुलत होते, म्हणून मी पितळी सळीचे स्टँड घरीच केले.

लहान नमुन्यांना २ मिलिमीटरची सळी पुरते, तळहाताएवढ्याला ३ मिलिमीटरची बरी. नवी सळी ताठ असते. ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार केली की पकडीने सहज वळते. खाली दोन आकडे (हुक), वर मागून एक टेकू: एवढ्यावर नमुना स्थिर बसतो. सळी जीवाश्मावर दाबून कधीच वाकवू नका. कागदावर बाह्यरेषा काढायची, त्यावर सळी जुळवायची आणि नमुना फक्त अलगद टेकवून पाहायचा. हे काम वेळ खातं, पण मला सगळ्यात जास्त आवडतं तेच.

धातू जिथे टेकतो तिथे पॉलिओलेफिन या प्लॅस्टिकची हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून घट्ट बसणारी) चढवली. पीव्हीसीची नको, जुनी होताना ती आम्ल सोडते. नळी आधीच आकसवून घ्यावी, म्हणजे नमुन्याला गरम हवा लागत नाही.

बैठकीसाठी ओकचं लाकूड टाळलं. त्याच्या आम्लयुक्त वाफांनी चुनामय कवचांवर बंद कपाटात पांढरी भुकटी येऊ शकते. मी अ‍ॅक्रिलिकचा जाड ठोकळा घेतला, सळीच्या मापाचं भोक पाडलं आणि इपॉक्सी फक्त त्या भोकात भरला. जीवाश्माला गोंदाचा थेंबही लागलेला नाही. अभ्यासायचा असेल तेव्हा नमुना नुसता उचलून घेता येतो.