मालाड स्टोनला केमिकल मारायच्या आधी

"दगड भुसभुशीत झालाय, कन्सॉलिडंट (दगडात मुरून त्याला परत घट्ट करणारं केमिकल) मारून टाकू" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा, डबा सगळ्यात शेवटी उघडायचा असतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याच्या बेसाल्टसोबत जो पिवळसर मालाड स्टोन वापरलाय, तो धरून लिहितोय.

पहिलं काम म्हणजे पाणी कुठून येतंय ते बघायचं, गळका पाइप, तुंबलेली पन्हळ, दगडांच्या सांध्यांमध्ये कोणीतरी ठासलेलं सिमेंट, हे सगळं आधी काढा आणि सांधे चुन्यात भरा, नाहीतर पुढचं सगळं वाया. मग लोणा, म्हणजे दगडात साचलेले क्षार. आम्ही एकदा छज्जाखालच्या दगडाला लोणा न काढताच इथाइल सिलिकेट, म्हणजे हेच कन्सॉलिडंट, पाजलं, वरून मस्त टणक लागायला लागला, आणि दोन पावसाळ्यांत नखाएवढा जाड पापुद्रा अख्खा सुटून हातात आला, मागे सगळी पांढरी भुकटी! म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कागदाचा लगदा थापायचा, वाळला की काढायचा, परत थापायचा, कंटाळा येईपर्यंत. आणि हो, हे केमिकल डिंक नाही, दगडाच्या बारीक छिद्रांत सिलिका जेल तयार करून ते कणांना धरून ठेवतं, सुटलेला पापुद्रा काही चिकटवत नाही. त्यामुळे बोटाने टकटक करून पोकळ आवाज येतो तिथे खडूची खूण करा, तिथे ग्राउट, म्हणजे पोकळीत भरायचं पातळ मिश्रण, लागेल. दगडात फुगणारी माती असेल तर प्रकरण वेगळं, लॅबला तुकडा पाठवा.

टायमिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दगड आतून सुका पण हवा एकदम कोरडी नको कारण रिॲक्शनला थोडी वाफ लागतेच, उन्हात तापलेल्या दगडावर तर नाहीच. परांचीला ताडपत्री बांधा. काचा झाका, बिडी-सिगरेट बंद कारण सॉल्व्हंट पेट घेतं, साधा कापडी मास्क चालणार नाही, ऑर्गॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेलाच घ्या. लिस्टेड इमारत असेल तर हेरिटेजची परवानगी आधी.

सॅम्पल पॅच मागच्या बाजूला, हातभर पुरे, आधी सेलोटेप लावून किती भुगा निघतो ते वजन करून ठेवा आणि केमिकल मारल्यावर तीन-चार आठवड्यांनी हीच टेपची चाचणी परत करा. पॅच काळपट पडला किंवा चकाकला तर डोस जास्त झालाय, वरचं उरलेलं ओलं असतानाच सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसायचं, वाळल्यावर ते निघत नाही.