तेरड्याच्या जाती कशा ओळखाव्यात आणि त्यांचा जागतिक विस्तार कसा वाचावा

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवर, सड्यांवर आणि ओढ्यांच्या काठी फुलणारा तेरडा गौरींच्या निमित्ताने घरोघरी परिचित आहे. मात्र या एका नावाखाली आपण अनेक वेगवेगळ्या वनस्पतींना हाक मारत असतो, हे भिंग हाती घेतल्यावरच लक्षात येते. शास्त्रीय परिभाषेत हा सारा गोतावळा ‘इम्पेशन्स’ या प्रजातीत येतो. मराठी वनस्पतिशास्त्रात ‘प्रजाती’ हा शब्द अनेक ‘जातीं’च्या गटासाठी वापरला जातो आणि पुढील विवेचनातही हाच अर्थ धरला आहे, कारण या दोन शब्दांची अदलाबदल झाली की वर्गीकरणाचा पायाच डळमळतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या प्रजातीला दिलेल्या नावाचा अर्थ ‘अधीर’ असा आहे. पिकलेले बोंड स्पर्श होताच तडकते, त्याच्या फाका आत वळतात आणि बिया काही हात अंतरावर उधळल्या जातात, त्यावरून हे नाव आले. आज या प्रजातीत एक हजाराहून अधिक जाती मानल्या जातात.

ओळखीचा आरंभ रंगापासून करू नये, फुलाच्या बांधणीपासून करावा. फूल बाजूने धरून पाहिल्यास मागे लोंबणारी एक नळी दिसते. तिला शुंडिका म्हणतात आणि मधुरस तिच्यात साठतो. ही नळी पाकळीची नसून खालच्या मोठ्या निदलाची (पाकळ्यांबाहेरील दलाची) असते, हे प्रथम नीट समजून घ्यावे. बहुतेक जातींत निदले तीनच असतात : दोन बाजूंची लहान आणि एक हे नळी धारण करणारे. पाकळ्या मोजताना नवशिक्याची हमखास चूक होते, कारण पाच पाकळ्यांपैकी वरची एकच सुटी असते आणि उरलेल्या चार दोन-दोनच्या जोड्यांनी जुळलेल्या असल्यामुळे एकूण तीनच पाकळ्या असल्यासारखे वाटते. पाचही पुंकेसर एकत्र येऊन किंजपुटावर, म्हणजे बी धरणाऱ्या मधल्या भागावर, टोपीसारखे बसतात, आणि ती टोपी गळून पडल्यानंतरच फुलाची स्त्री-अवस्था सुरू होते. त्यामुळे एकाच झाडावरील दोन फुलांचे मध्यभाग वेगळे दिसले, तर लगेच दोन जाती मानू नयेत.

यानंतर पाने, फुलांची मांडणी आणि बोंड पाहावे. पाने एकाआड एक आहेत की समोरासमोर, की सर्वच बुंध्याशी आहेत, याची नोंद प्रथम करावी. नेहमीच्या तेरड्याची, म्हणजे इम्पेशन्स बाल्समिनाची, पाने एकाआड एक असतात, फुले पानांच्या बगलेत येतात आणि बोंडावर दाट लव असते. इम्पेशन्स ऑपोझिटिफोलियाची पाने समोरासमोर असतात, आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. धबधब्याच्या ओल्या कातळाला चिकटून वाढणाऱ्या इम्पेशन्स अकॉलिसची पाने थेट कंदापासून निघतात आणि फुलोऱ्याचा दांडाही तेथूनच उभा राहतो. इम्पेशन्स डाल्झेलाय पिवळ्या फुलांमुळे चटकन वेगळी पडते, आणि कासच्या पठारावर गुलाबी गालिचा पसरणारी इम्पेशन्स लॉई ही उत्तर सह्याद्रीपुरतीच मर्यादित जाती आहे.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण नमुने गोळा करणाऱ्याने शब्दशः घ्यावी. फूल इतके पाणीदार आणि नाजूक असते की कागदात दाबताच त्याचे भाग एकमेकांवर चिकटतात आणि आकार हरवतो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांनी १९११ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत याच प्रजातीवर काम केले, आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकालाही वाळलेल्या फुलांनी सतत अडचणीत टाकले. म्हणून फुलाची छायाचित्रे जागेवरच समोरून, बाजूने आणि मागून अशी तिन्ही बाजूंनी घ्यावीत, आणि एका फुलाचे निदल व पाकळ्या सुट्या करून मोजपट्टीशेजारी मांडून टिपाव्यात. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय काहीही तोडू नये. एकाच कड्यावर उरलेल्या जातीचे झाड तर परवानगी असली तरी उपटू नये, असे माझे ठाम मत आहे.

वर्गीकरणाच्या जुन्या आणि नव्या पुस्तकांत तेरडा वेगवेगळ्या ठिकाणी आढळेल, त्याने गोंधळून जाऊ नये. हूकर यांनी ब्रिटिश भारताच्या वनस्पतींची नोंद करताना त्याला जिरॅनियमच्या कुलात ठेवले होते. आज त्याचे स्वतंत्र बाल्समिनेसी कुल मानले जाते, आणि डीएनएच्या पुराव्यावरून ते एरिकेलीस गणात, म्हणजे कुलांच्या मोठ्या गटात, येते, म्हणजे चहा, चिकू, बकुळ आणि मोह हे त्याचे दूरचे नातलग ठरतात. या कुलात प्रजाती दोनच आहेत. दुसरी हायड्रोसेरा ही पाणथळ जागी वाढते, तिची एकच जाती आहे, तिच्या पाचही पाकळ्या सुट्या असतात आणि तिचे मांसल फळ तडकत नाही. इम्पेशन्सची अंतर्गत विभागणी मात्र फार काळ अनिश्चित राहिली. २०१६ मध्ये डीएनए आणि फुलांची रचना एकत्र तपासून तिचे दोन उपप्रजातींत आणि त्यांपैकी मोठीचे सात विभागांत वर्गीकरण झाले. नवशिक्याने त्यातील एवढेच लक्षात ठेवावे की, किंजपुटाला चार कप्पे आहेत की पाच, हा येथील पहिला प्रश्न आहे.

आता विस्ताराकडे वळू. या प्रजातीची पाच समृद्ध केंद्रे आहेत : उष्णकटिबंधीय आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण भारत व श्रीलंका, पूर्व हिमालयालगतचा प्रदेश आणि आग्नेय आशिया. भारतात दोनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी शंभराहून अधिक पश्चिम घाटात आहेत. युरोप आणि उत्तर अमेरिकेत मूळच्या जाती मोजक्याच आहेत, तर दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात मूळची एकही नाही. कारण वनस्पतीच्या शरीरातच आहे : रसाळ खोडाला कोरडेपणा सोसत नाही आणि बी फार दूर जात नाही. त्यामुळे प्रत्येक दमट डोंगर समुद्रातील बेटासारखा अलग पडतो आणि त्यावर स्वतःची जाती घडत जाते.

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावरील नकाशा उघडल्यावर प्रथम मूळ आणि बाहेरून आलेला विस्तार यांचे रंग वेगळे करून पाहावेत. पश्चिम हिमालयातील इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा १८३९ मध्ये शोभेसाठी ब्रिटनला नेली गेली. तिने तेथील नदीकाठ व्यापले आणि २०१७ मध्ये युरोपीय संघाने तिला आक्रमक जातींच्या यादीत घातले. रंग न पाहता नकाशा वाचणारा तिला युरोपचीच समजेल. दुसरी सावधगिरी अशी की हा नकाशा मोठे प्रदेश संपूर्ण रंगवतो, म्हणून सह्याद्रीच्या दोन-तीन कड्यांवरील जातीसाठीही हिमालय आणि आसाम वगळता जवळजवळ सारा भारत रंगलेला दिसतो. नेमकी जागा हवी असल्यास जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या संकेतस्थळावरील ठिपके पाहावेत, त्यांतून बागेतील नोंदी वगळाव्यात आणि हर्बेरियममधील, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील, नमुन्यांवर आधारलेल्या नोंदींना अधिक वजन द्यावे. महाराष्ट्रातील जातींसाठी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम येथील नमुने हा उत्तम आधार आहे.

नावावरून देश ठरवू नये. इम्पेशन्स केपेन्सिस हे नाव डच वनस्पतिशास्त्रज्ञ मीरबर्ग यांनी १७७५ मध्ये ही वनस्पती दक्षिण आफ्रिकेतील केप ऑफ गुड होपची असल्याच्या समजुतीने दिले, परंतु ती मूळची उत्तर अमेरिकेची आहे. नामकरणाच्या नियमांनुसार आधीचे नाव टिकते, म्हणून ही चूक आजही तिच्या नावात आहे. आपल्या वहीत प्रत्येक जातीच्या नावासमोर गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमिनीचा ओलावा आणि तारीख या चार गोष्टी त्याच दिवशी लिहाव्यात. उंची आणि ओलावा नोंदलेला नसेल, तर तो ठिपका दुसऱ्या कोणालाही तपासून पाहता येत नाही.