प्लूटोचा निकाल मुलांनाच लावू द्या

मी पंचवटीतल्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. ‘प्लूटो ग्रह नाही’ हे वाक्य मुलं पाठ करून येतात. मला मात्र ते त्यांनी तपासून म्हणायला हवं असतं. घरी किंवा वर्गात तासाभरात करता येईल अशी रीत सांगते.

फळ्यावर नावं लिहा: बुध, गुरू, गॅनिमिड, सेरेस, वेस्टा, प्लूटो, एरिस. व्यास मुद्दाम लिहू नका, नाहीतर मोठा तो ग्रह असं ठरवून मुलं मोकळी होतात. मग आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 24 ऑगस्ट 2006 रोजी प्रागमध्ये मान्य केलेल्या तीन अटी एकेक करून प्रश्न म्हणून विचारा.

ही वस्तू कोणाभोवती फिरते? ग्रह थेट सूर्याभोवती फिरायला हवा. गॅनिमिड गुरूभोवती फिरतो, म्हणून बाद. आता व्यास सांगा: गॅनिमिड 5,268 किलोमीटर, बुध 4,879. ग्रहाहून मोठा उपग्रह बघून मुलं चक्रावतात आणि आकाराचा हट्ट सोडतात.

स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे तिला गोलाई आली आहे का? वस्तुमान पुरेसं असलं की खडक आणि बर्फसुद्धा त्या ओढीपुढे नमतात. सुमारे 940 किलोमीटरचा सेरेस गोल आहे. सव्वापाचशे किलोमीटरच्या वेस्टाचा दक्षिण भाग प्रचंड धडकेने खचलेला आहे, तो इथे थांबतो.

तिसऱ्या प्रश्नाला घाई करू नका, खरी गंमत तिथेच आहे. आपल्या कक्षेच्या परिसरात तिचंच वर्चस्व आहे का? नाशिकच्या मुलांशी मी इथे सिंहस्थाबद्दल बोलते. गुरूला सूर्याभोवती एका फेरीला 11.86 वर्षं लागतात, म्हणून तो साधारण बारा वर्षांनी सिंह राशीत येतो आणि रामकुंडावर पर्वणी भरते. मग विचारते, या वाटेवर गुरू एकटाच आहे का? नाही. त्याच्या साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे हजारो लघुग्रह आहेत, ट्रोजन म्हणतात त्यांना. तेही बारा वर्षांतच फेरी पूर्ण करतात, कारण सूर्याच्या जोडीने गुरूनेच त्यांना तिथे धरून ठेवलंय. वाट रिकामी असावी अशी अट नाहीच, तिथे कोणाची सत्ता चालते ते बघायचं.

‘प्लूटो नेपच्यूनची वाट ओलांडतो, मग नेपच्यून तरी ग्रह कसा?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि तो उत्तम आहे. 1979 ते 1999 या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तरी दोघांची टक्कर होत नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या दोन, आणि हा ताल नेपच्यूनच्या ओढीने बांधलेला आहे. सत्ता नेपच्यूनची, प्लूटो तिच्यात चालणारा.

आकडे हवे असतील तर खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांचं गणित सांगा: पृथ्वीचं वस्तुमान तिच्या परिसरातल्या इतर सगळ्या वस्तूंच्या सुमारे 17 लाख पट भरतं. प्लूटोचं त्याच्या परिसरातल्या इतरांच्या एक दशांशही नाही. म्हणून सेरेस, प्लूटो आणि एरिस बटुग्रह ठरले, म्हणजे पहिल्या दोन अटी पाळणारे, पण तिसरीत अडणारे. सेरेसला 1801 साली शोध लागल्यावर ग्रहच मानत होते. त्याच्या परिसरात आणखी शेजारी सापडत गेले तसा तो लघुग्रहांत गेला. 2005 मध्ये प्लूटोहून जड एरिस सापडल्यावर तीच पाळी प्लूटोवर आली.

एखादं मूल तरीही प्लूटोची बाजू घेईल. त्याला गप्प करू नका. न्यू होरायझन्स यानाने 2015 मध्ये तिथले बर्फाचे डोंगर आणि नायट्रोजन बर्फाचं मैदान दाखवलं. त्या मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न यांना तिसरी अट अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते वस्तू स्वतः कशी आहे ते पाहावं, ती कुठे आहे ते नाही. मला तिसरी अट पटते, कारण सूर्यमाला कशी घडली ते तिच्यातून कळतं. पण मी माझं मत मुलांनी हात वर केल्यानंतरच सांगते.