जिहादी प्रचार मोबाइलवर येऊन पोहोचला तर काय करावे?

जून २०१४ मध्ये मोसुल ताब्यात घेऊन इस्लामिक स्टेटने खिलाफत जाहीर केली, तेव्हा तिच्या सशस्त्र टोळ्यांइतकाच तिचा प्रचारविभागही जोमाने कामाला लागला होता. अनेक भाषांतील चित्रफिती, मासिके, ‘अमाक’ नावाची बातमीसंस्था आणि ट्विटरवरची हजारो खाती यांच्या बळावर या संघटनेने दूरदूरच्या देशांतून तरुण ओढून नेले. मार्च २०१९ मध्ये सीरियातील बागूझ हे शेवटचे ठाणेही तिच्या हातून गेले, पण प्रचार थांबला नाही. तो उघड व्यासपीठांवरून बंद गटांकडे आणि खासगी संदेशांकडे सरकला. त्यामुळे असा मजकूर आज कोणाच्याही मोबाइलवर येऊ शकतो, आणि त्या वेळी काय करायचे हे आधीच ठाऊक असलेले बरे.

या प्रचाराची रीत समजली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडणे हा तिचा गाभा आहे. इस्लामिक स्टेटने २०१५ च्या सुरुवातीला आपल्या इंग्रजी मासिकातून हे उघडपणे मांडले होते: मुसलमान आणि इतर लोक एकत्र नांदतात ती मधली जागाच नष्ट करायची, म्हणजे प्रत्येकाला कोणती तरी एक बाजू घ्यावीच लागेल. सप्टेंबर २०१४ मध्ये शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी या संघटनेचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी याला जाहीर पत्र लिहून त्याचे दावे धर्मग्रंथांच्याच आधारे खोडून काढले होते, हेही लक्षात ठेवावे. या संघटनेच्या हिंसेला सर्वाधिक बळी पडले ते इराक आणि सीरियातील मुसलमानच. म्हणून एखादा प्रचारकी व्हिडिओ पाहून सरसकट एका समाजाला दोष देणारा माणूस नकळत त्या प्रचारकांना हवे तेच करत असतो.

मजकूर दिसताच

पहिली पायरी म्हणजे तो पुढे न पाठवणे. निषेध करण्यासाठी, इतरांना सावध करण्यासाठी किंवा ‘हे बघा काय चाललंय’ असे सांगण्यासाठीही पाठवू नये. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स फोली यांच्या हत्येची चित्रफीत आली, तेव्हा ती पाहू नका, पसरवू नका, असे आवाहन असंख्य लोकांनी एकमेकांना केले, आणि तोच योग्य मार्ग होता. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला करणारा जिहादी नव्हता, गोऱ्या वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचा होता. पण प्रसाराची यंत्रणा तीच. हल्ला थेट दाखवला जात असताना तो पाहणारे दोनशेहूनही कमी होते. त्यानंतरच्या चोवीस तासांत मात्र फेसबुकला त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती हटवाव्या लागल्या. म्हणजे ती लाखोंपर्यंत नेण्याचे काम हल्लेखोराने केले नाही, ते इतरांनी केले.

मजकुराखाली वाद घालू नये आणि शिवीगाळही करू नये, कारण प्रत्येक प्रतिसादामुळे ती पोस्ट आणखी लोकांसमोर जाण्याची शक्यता वाढते. शिवाय आपण कोण, कुठले आणि कशाने चिडतो, हे समोरच्याला आयते कळते.

नोंद आणि तक्रार

तक्रार करताना बहुतेक लोक फक्त स्क्रीनशॉट काढतात, आणि तेवढ्याने काम अडते. तपास करणाऱ्याला त्या पोस्टचा नेमका पत्ता, म्हणजे पूर्ण लिंक लागते. खात्याचे दिसणारे नाव रोज बदलता येते, म्हणून त्याखालचे वापरकर्तानाव टिपावे. तारीख, वेळ आणि गटात कोणाकडून आली हेही लिहावे. व्हिडिओ स्वतःकडे उतरवून घेऊ नये. काही देशांत दहशतवादी साहित्य जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरतो. मेसेजिंग अ‍ॅपमध्ये फाइल आपोआप साठवली जाण्याची सोय चालू असते. ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी, म्हणजे न मागितलेली चित्रफीत गॅलरीत जाऊन बसणार नाही.

त्यानंतर व्यासपीठाच्या तक्रारखिडकीत ‘दहशतवाद’ किंवा ‘हिंसक अतिरेक’ हाच नेमका पर्याय निवडावा. ‘मला आवडले नाही’ किंवा ‘स्पॅम’ असे नोंदवले तर तक्रार भलत्याच रांगेत जाते. एका तक्रारीचा परिणाम एका पोस्टपुरता राहत नाही. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी २०१७ मध्ये एक संयुक्त मंच स्थापन केला. अशा चित्रफितींचे डिजिटल ठसे त्याच्या सामायिक कोशात ठेवले जातात. हाताच्या ठशांवरून माणूस ओळखावा तशी तीच फाइल दुसऱ्या व्यासपीठावर चढवली जात असतानाच ओळखता येते. युरोपीय संघात तर ७ जून २०२२ पासून, सक्षम यंत्रणेचा आदेश मिळाल्यावर तासाभरात दहशतवादी मजकूर हटवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. मजकुरात एखाद्या ठिकाणाचे, तारखेचे किंवा व्यक्तीचे नाव घेऊन धमकी दिली असेल, तर व्यासपीठाच्या उत्तराची वाट न पाहता थेट पोलिसांना कळवावे.

देणगी आणि आपली खाती

युद्धग्रस्त मुलांच्या नावाने पैसे मागणारे सगळेच खोटे नसतात, आणि मदत करण्याची इच्छा चांगलीच आहे. मात्र संस्थेची नोंदणी सापडत नसेल, पैसे फक्त क्रिप्टो म्हणजे डिजिटल चलनाच्या पाकिटातच मागितले जात असतील आणि संपर्कासाठी केवळ एक बंद गट असेल, तर हात आखडता घ्यावा. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अल-कायदा, हमासची लष्करी शाखा आणि इस्लामिक स्टेट यांच्याशी जोडलेली तीनशेहून अधिक क्रिप्टो खाती जप्त करण्याची कारवाई केली. त्यात एक संकेतस्थळ होते ते कोविडकाळात एन-९५ मास्क विकत असल्याचा दावा करणारे, आणि ते चालवणारा इस्लामिक स्टेटचा हस्तक होता. मास्क मागवणाऱ्याला कसली शंका येणार?

आपल्या खात्यांचीही काळजी घ्यावी. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या मध्यवर्ती कमांडची ट्विटर आणि यूट्यूब खाती काही काळ ‘सायबर खिलाफत’ म्हणवणाऱ्यांच्या हाती गेली होती. त्याच वर्षी कोसोव्होच्या एका हॅकरने एका विक्री कंपनीच्या सर्व्हरमधून सुमारे १,३०० अमेरिकी सैनिक व सरकारी कर्मचाऱ्यांची माहिती काढून इस्लामिक स्टेटच्या हस्तकाला दिली, आणि ती यादी ‘यांना मारा’ अशा अर्थाने प्रसिद्ध झाली. त्या हॅकरला पुढे वीस वर्षांची शिक्षा झाली. यावरून घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत: प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी ठेवावी, खरेदीच्या वेळी नोकरीच्या ठिकाणचा ईमेल देऊ नये, आणि वर्षानुवर्षे न उघडलेली खाती बंद करावीत, कारण अशी पडून राहिलेली खाती ताब्यात घेऊन त्यांवरून प्रचार झालेला आहे.

जवळचे माणूस ओढले जात असेल तर

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये पूर्व लंडनमधील तीन शाळकरी मुली विमानाने तुर्कस्तानात गेल्या आणि तिथून सीरियात पोहोचल्या. घरच्यांना आधी सुगावा लागला नव्हता. म्हणून कशाकडे बघायचे आणि कशाकडे नाही, हे स्पष्ट असायला हवे.

दाढी, हिजाब, नमाज, धार्मिक वाचन ही लक्षणे नाहीत. त्यांनाच लक्षण मानणारे घर निष्पाप मुलाला दुखावते आणि खरा धोका ओळखण्याची संधीही घालवते. बघायचे ते हे: जुने मित्र एकाएकी तुटले का, आईवडिलांसकट सर्वांना ‘काफिर’ किंवा ‘धर्मभ्रष्ट’ अशी लेबले लागू लागली का, बोलण्यात स्वतःचे शब्द कमी होऊन तीच ती घोटलेली वाक्ये येऊ लागली का, कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या ‘भावा’चे मत घरातल्या प्रत्येकाहून मोठे झाले का. त्यातही उघड चर्चेतून कोणी त्याला आपोआप पुसल्या जाणाऱ्या संदेशांच्या अ‍ॅपवर बोलावले असेल आणि ‘घरी सांगू नकोस’ असे बजावले असेल, तर ती सर्वांत गंभीर खूण समजावी. कारण तिथून पुढे त्याला दुसरे मत ऐकायला मिळत नाही. दुसरे सिमकार्ड, अचानक पासपोर्टची घाई, वस्तू वाटून टाकणे, उधारी चुकवून निरोपासारखे बोलणे, ही पुढच्या टप्प्याची चिन्हे आहेत.

बोलताना पहिला मोह होतो तो मोबाइल हिसकावण्याचा. तो टाळावा. ‘घरचे तुझे शत्रू आहेत’ हेच त्याला पलीकडून सांगितले जात असते, आणि मोबाइल हिसकावल्यावर ते त्याला खरेच वाटते. ‘तुला वेड लागलंय का?’ असे म्हणण्याऐवजी ‘तुला हे कशामुळे पटलं, मला नीट सांग, मी मध्ये बोलणार नाही’ असे म्हणावे आणि खरोखरच मध्ये बोलू नये. पॅलेस्टाइन किंवा सीरियातील मुलांचे हाल पाहून आलेला त्याचा संताप खरा असतो. तो नाकारू नये. ‘तुझा राग मला समजतो, पण त्या मुलांना यातून काय मिळेल?’ हा प्रश्न त्याच्याजवळ ठेवून थांबावे. धर्माच्या मुद्द्यांवर आपण अर्धवट माहितीने वाद घालण्यापेक्षा त्याचा आदर असलेल्या जाणत्या आलिमांशी (इस्लामी धर्मपंडितांशी) त्याची भेट घालून द्यावी. एका बैठकीत मन वळत नाही. आठवडे, महिने लागतात. तोवर जेवण, खेळ, कामधंदा, मामा-काकांकडे जाणे हे सारे नेहमीसारखे चालू ठेवावे.

पोलिसांकडे कधी जावे

प्रवासाची तयारी, शस्त्र किंवा स्फोटकांचा शोध, एखाद्याला इजा करण्याची भाषा यांपैकी काहीही दिसले, तर थांबू नये, त्याच दिवशी जावे. त्याआधीच्या टप्प्यासाठी काही देशांत कुटुंबांना सल्ला देणारी व्यवस्था आहे: जर्मनीत जानेवारी २०१२ पासून आणि फ्रान्समध्ये एप्रिल २०१४ पासून नातेवाइकांसाठी सल्ल्याची दूरध्वनी सेवा सुरू झाली. जिथे अशी सोय नाही तिथे अनुभवी समुपदेशक आणि विश्वासातले शिक्षक यांची मदत घ्यावी.

पोलिसांकडे जाताना मोबाइल फॉरमॅट करू नये आणि घाबरून गप्पाही पुसू नयेत, कारण मुलाला कोणी आणि कसे ओढले याचा पुरावा त्यातच असतो, आणि तो सूत्रधार नव्हता हे दाखवण्यासाठीही तोच उपयोगी पडतो. तारखांसह लिहिलेली नोंदवही, पलीकडच्या खात्यांची वापरकर्तानावे आणि लिंका सोबत न्याव्यात. जाण्यापूर्वी वकिलाशी बोलावे, विशेषतः मूल अल्पवयीन असेल तर, आणि चौकशीच्या वेळी पालक सोबत राहू शकतात का ते विचारून घ्यावे. तक्रारीची पोच घ्यावी आणि पुढच्या दिवसांत त्या खात्यांवरून नवे संदेश आले, तर उत्तर न देता तेही त्याच वहीत उतरवत जावे.