रेड कार्ड की सॉफ्टवेअर? घरच्या फाइल सर्व्हरमध्ये या चुका टाळा

घरच्या फाइल सर्व्हरसाठी चार-सहा डिस्क जमल्या की त्यांचा कारभार कोणाकडे सोपवायचा, हा प्रश्न उभा राहतो: स्वतःचा प्रोसेसर आणि मेमरी असलेल्या रेड कार्डाकडे (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची पद्धत, सहसा एखादी डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून), की लिनक्समधल्या एमडी किंवा डिस्क आणि फाइल दोन्ही सांभाळणाऱ्या झेडएफएससारख्या सॉफ्टवेअरकडे. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, तेव्हा आणि त्यानंतरही बरीच वर्षे पॅरिटीचे (गेलेल्या डिस्कची माहिती भरून काढण्यासाठी ठेवलेल्या जादा माहितीचे) गणित मुख्य प्रोसेसरला जड जात असे, त्यामुळे वेगळ्या कार्डाला अर्थ होता. आज साधा प्रोसेसरही ते गणित सहज उरकतो, आणि कार्डाची जमेची मोठी बाजू म्हणून बॅटरीवर टिकणारी कॅश (डिस्कवर लिहिण्याआधीची तात्पुरती मेमरी) तेवढी उरते. माझे मत सॉफ्टवेअरच्या बाजूचे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही कार्ड वापरणाऱ्याचे काही बिघडते असे नाही. बिघडते ते एकाच डिस्कवर दोन कारभारी बसवल्यावर.

कार्डावर झेडएफएस चढवणे

जुन्या सर्व्हरमधले कार्ड हाताशी असते, डिस्क थेट दाखवण्याची सोय त्यात नसते, म्हणून प्रत्येक डिस्कचा एकेकटा रेड ० (पॅरिटी नसलेला प्रकार) करून ते खंड झेडएफएसला दिले जातात. वरवर सगळे सुरळीत चालते. मात्र झेडएफएस जेव्हा 'हे डिस्कवर उतरले का?' असे विचारते, तेव्हा कार्ड आपल्या कॅशमध्ये लिहून होकार देऊ शकते, आणि बॅटरी नसताना वीज गेली तर तो होकार खोटा ठरतो. डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे तिच्या तब्येतीच्या नोंदी, कार्डाआड दडते. त्या वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेला मेगारेड हा प्रकार आणि डिस्कचा क्रमांक सांगितला तर काही कार्डांवर ती माहिती वाचता येते, पण हे अनेकांना डिस्क गेल्यावरच कळते. शिवाय कार्ड स्वतःची नोंद डिस्कवर ठेवत असल्यामुळे ती डिस्क उद्या साध्या पोर्टला लावली तर ओळखली जाईलच, याची शाश्वती नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे कार्डात रेड ५ (पॅरिटी असलेला प्रकार) करून तयार झालेला एकच मोठा खंड झेडएफएसला देणे. अशा वेळी चेकसम (माहिती पडताळण्याचा आकडा) जुळत नाही हे झेडएफएसला कळते, पण दुरुस्तीसाठी दुसरी प्रत त्याच्या हाती नसते, त्यामुळे बिघडलेल्या फाइलचे नाव सांगण्यापलीकडे ते काही करू शकत नाही. ज्या कारणासाठी झेडएफएस घेतले, तेच इथे हरवते.

यावर उपाय म्हणजे साधे एचबीए, म्हणजे डिस्क नुसत्या जोडून देणारे कार्ड. एलएसआयच्या ९२११-८आय या कार्डावर आयटी फर्मवेअर चढवले की त्यातला रेडचा भाग निघून जातो आणि डिस्क जशाच्या तशा दिसू लागतात. फर्मवेअर बदलण्यापूर्वी माहिती दुसरीकडे काढून ठेवावी आणि नंतर पूल (झेडएफएसने एकत्र केलेला डिस्कचा साठा) नव्याने बांधावा. एक गोष्ट सहज विसरली जाते: ही कार्डे सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्याच्या भरवशावर बनवलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकवर छोटा पंखा लावला नाही, तर तापलेले कार्ड अधूनमधून एकदम चार डिस्क गायब करते आणि दोष डिस्कवर येतो.

चांगली डिस्क बाद होणे

वाचता न येणारा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) आला की डेस्कटॉपसाठीची डिस्क तो मिळवण्यासाठी मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ झगडत राहू शकते. कार्ड इतके थांबत नाही. काही सेकंदांत उत्तर आले नाही की ते त्या डिस्कला मृत ठरवून मोकळे होते. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या फाइल साठ्यासाठीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, म्हणजे तो सेक्टर पॅरिटीवरून भरून काढता येतो. सॉफ्टवेअर घेतले म्हणून यातून सुटका होत नाही, कारण लिनक्स कर्नल डिस्कसाठी मुळात ३० सेकंदच थांबतो. म्हणून डिस्कला सोय असेल तर स्मार्टसीटीएलमधून एससीटी ईआरसी, म्हणजे डिस्कने हार मानण्याची मुदत, ७० वर ठेवावी (हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ७ सेकंद), आणि ही आज्ञा प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना चालेल अशी व्यवस्था करावी, कारण वीज गेल्यावर बऱ्याच डिस्क ही नोंद विसरतात. सोय नसेल तर कर्नलची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवावी.

पुनर्बांधणी दिवसेंदिवस रेंगाळत असेल, तर नवी डिस्क एसएमआर (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, त्यामुळे फेरलेखनात मंद) तर नाही ना, ते पाहावे. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या 'डब्ल्यूडी रेड' (लाल या अर्थाने) या डिस्क मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे मान्य केले, तोवर अनेकांच्या त्या रेड रचनेत बसवूनही झाल्या होत्या.

डिस्क बदलण्याआधी केबल तपासावी, हे मी दोन डिस्क वाया घालवून शिकलो. एकाच कप्प्यातली डिस्क तीन आठवड्यांत दोनदा बाद झाली, आणि दोन्ही वेळा मी निमूटपणे नवी बसवली. तिसरीही अडखळू लागली तेव्हा कुठे स्मार्टचा तक्ता नीट पाहिला: ५ आणि १९७ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळी शून्यावर होत्या, आणि १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसीच्या (माहिती केबलवरून जाताना झालेल्या) चुका, दर तासाला वाढत होता. केबलला कॅबिनेटच्या झाकणाखाली तीव्र वळण पडले होते. केबल बदलल्यावर आकडा जागीच थांबला (तो शून्यावर परत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे).

घाईत दिलेल्या आज्ञा

कार्डावर लिहिण्याचा वेग एके दिवशी अचानक कोसळला, तर बहुतेक वेळा बॅटरी म्हातारी झालेली असते आणि कार्ड शहाणपणाने राइट-थ्रूवर (माहिती डिस्कवर उतरल्यावरच होकार देणे) गेलेले असते. बॅटरी बदलावी, 'बॅटरी नसली तरी राइट-बॅक' (कॅशमध्ये लिहूनच होकार देणे) हा पर्याय निवडणे म्हणजे कार्डाचा एकमेव खरा फायदा उलटा अंगावर घेणे होय.

कार्डच गेले आणि त्याच घराण्यातले दुसरे बसवले, तर ते 'फॉरेन कॉन्फिगरेशन' (दुसऱ्या कार्डाने केलेली रचना) सापडल्याचे सांगते. तिथे 'इम्पोर्ट' निवडायचे असते. 'क्लिअर' म्हटले की रचनेची नोंद जाते, आणि त्यानंतर 'इनिशियलाइझ' केले तर माहितीही. एमडीमध्ये हीच चूक 'असेंबल' (जुनी रचना जोडणे) ऐवजी 'क्रिएट' (नवी बनवणे) देऊन होते. झेडएफएसमध्ये ती 'रिप्लेस'ऐवजी 'अ‍ॅड' देऊन होते: गेलेल्या डिस्कच्या जागी बसण्याऐवजी नवी डिस्क पुलाचा स्वतंत्र, विनापॅरिटी भाग बनते, आणि रेड-झेड (झेडएफएसचा पॅरिटी असलेला प्रकार) असलेल्या पुलातून तो भाग पुन्हा काढता येत नाही. आज्ञा आधी नाकारली जाते, रचना जुळत नसल्याचे स्पष्ट सांगितले जाते. पण थकलेला माणूस पुढे जबरदस्तीचा पर्याय 'एफ' जोडून ती रेटतो.

डिस्कची ओळख लिनक्सने दिलेल्या एसडीए, एसडीबी अशा नावांवर कधीही ठेवू नये, कारण पोर्ट बदलले किंवा एखादी डिस्क उशिरा जागी झाली की ही नावे सरकतात. पूल बांधताना डिस्कच्या कायम आयडीवरून बांधावा, आणि प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरे कागदी पट्टीवर लिहून तिच्या कप्प्याच्या दर्शनी बाजूला चिकटवावीत. पडद्यावर दिसणारा अनुक्रमांक आणि पट्टीवरची अक्षरे जुळल्याशिवाय कप्पा ओढू नये.