वहीत अर्थ होता, वाक्य नव्हतं

मी मराठी माध्यमाचा, इंग्रजी पाचवीपासून. बँकेच्या परीक्षांसाठी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसायचो तेव्हा माझ्याकडे एक दोनशेपानी वही होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये पट्टीनं मारलेली रेघ. शब्द दोन हजारांच्या वर. परीक्षेत तिचा थोडाफार उपयोग झालाही. पण नोकरीच्या पाचव्या महिन्यात त्याच वहीनं मला तोंडघशी पाडलं. ते अजून बोचतं, म्हणून हे लिहितोय.

ग्राहकाकडून आलेल्या तक्त्यात चौथा रकाना रिकामा होता. मेलमध्ये लिहिलं होतं, 'द ब्लँक कॉलम वॉज ॲन ओव्हरसाइट.' माझ्या वहीत ओव्हरसाइट म्हणजे देखरेख. शब्द फोडून पाहिला तरी तेच निघत होतं: ओव्हर म्हणजे वर, साइट म्हणजे नजर, म्हणजे वरून नजर ठेवणं. मी समजलो, वरिष्ठांच्या देखरेखीखाली रकाना मुद्दाम मोकळा सोडलाय. राहिलेले आकडे मागितलेच नाहीत, अहवाल तसाच पुढे पाठवला. ते लोक सांगत होते की रकाना नजरचुकीनं राहिला. दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं आणि सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं.

इथं जरा थांबा, कारण खरा सापळा हाच आहे. वही चुकीची नव्हती. ओव्हरसाइटचा अर्थ देखरेख होतो आणि नजरचूकही होतो. मराठीतही पाहा, 'नजर ठेवणं' आणि 'नजरेतून सुटणं' यांत नजर एकच आहे. कुठला अर्थ घ्यायचा हे वाक्य सांगत होतं, मी वाक्य वाचलंच नव्हतं. 'ॲन ओव्हरसाइट' असं आलं, म्हणजे मोजता येणारी एक गोष्ट, तर ती चूक. ॲन नसेल आणि पुढं 'ऑफ' येऊन कशावर ते सांगितलं असेल, तर बहुतेक देखरेख. एवढ्याशा ॲननं माझे दोन दिवस वाचले असते. सँक्शनचंही तसंच. बँकेत कर्ज सँक्शन होतं तेव्हा ती मंजुरी, आणि बातमीत एखाद्या देशावर सँक्शन्स लादतात तेव्हा ते निर्बंध. 'एक शब्द, एक अर्थ' अशी वही आज तुमच्याकडे असेल तर तिच्यात नवीन शब्द लिहिणं आजच बंद करा. हे मी ठामपणे सांगतोय.

पण घाबरू नका. ही विद्या तुम्हाला येते, फक्त ती मराठीत येते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, वाटेत गाव लागतं. 'लागणे'चे अर्थ कुणी तुमच्याकडून पाठ करून घेतले होते का? शेजारचा शब्द ऐकून ते कळत गेले.

शब्दकुळांचंही, म्हणजे एकाच मुळातून निघालेल्या शब्दांचंही, तसंच आहे. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना 'प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्' आठवत असेल. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार, सगळ्यांत धातू एकच, 'हृ', म्हणजे नेणं. उपसर्ग बदलला की अर्थ ओढून दुसरीकडे नेला जातो. लॅटिनमधून आलेलं 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं. आत पाहिलं की इन्स्पेक्ट, पुढं पाहिलं की प्रॉस्पेक्ट, मागं वळून पाहिलं की रिट्रोस्पेक्ट, नुसता पाहणारा तो स्पेक्टेटर. सस्पेक्टमध्ये मुळात खालून पाहणं आहे, तिथून संशयापर्यंत अर्थ पोचला. रिस्पेक्टमध्ये मात्र पाहणं सहज दिसत नाही, जसं परिहारात 'हृ'चं नेणं दिसत नाही. कूळ माहीत असलं की शब्द लक्षात राहतो. अर्थ ठरवताना मात्र वाक्यालाच विचारायचं. हा क्रम उलटा केलात की माझ्यासारखी फसगत होते.

फसवे नातेवाईकही पुष्कळ आहेत. पेडल आणि पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. पीडिअ‍ॅट्रिशियनमधला ग्रीक, म्हणजे मूल. स्पेलिंग सारखं, घराणी वेगळी. टँकरच्या मागं 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. तिथला 'इन' नकाराचा धरला तर अर्थ 'न पेटणारा' असा भयंकर उलटा होतो. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे. आपला 'अमूल्य' शब्द जसा बांधलाय तसाच तो बांधलाय, मूल्य करता येत नाही असा.

संदर्भावरून अर्थ लावायचा, पण कुठल्या मजकुरात? क्लासवाले पहिल्या दिवसापासून इंग्रजी अग्रलेख हातात देतात. माझं मत सांगतो, सुरुवातीला अग्रलेख वाचू नका. आधाराचे शब्दच अनोळखी असतील तर अंदाज कशावर बांधणार? पॉल नेशन हे न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ आहेत. २००६च्या त्यांच्या अभ्यासात असं आलं की मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे धरले, तर वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात. इथं कूळ म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, माझंही झालं होतं. पण त्यातला ९८चा हिशेब लगेच कामाला येतो. ३०० शब्दांच्या पानात ६ शब्द अडले तर ते पान तुमचं. ३० अडले तर ते सध्या बाजूला ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. आणि ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासकांनी २०००मध्ये अभ्यासाच्या इंग्रजीसाठी निवडलेली शब्दकुळं फक्त ५७० आहेत. कॉलेजची पुस्तकं वाचायची असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा.

मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो एका साध्या सवयीचा. सकाळी मराठी पेपरात वाचलेली बातमी दुपारी इंग्रजीत वाचायची. अवकाळी पावसानं द्राक्षबागा झोपल्या हे आधीच माहीत असतं, त्यामुळे 'अनसीझनल रेन' समोर आलं की शब्दकोशाची गरज पडत नाही. सीझन, सीझनल, अनसीझनल, कूळ आपोआप उभं राहतं. पुढं एका राजकीय बातमीत 'सीझन्ड पॉलिटिशियन' भेटला. हंगामी पुढारी? वाक्यात त्याच्या आठ निवडणुका मोजल्या होत्या, तेव्हा हंगामी असणं शक्यच नव्हतं. मग लक्षात आलं, हा तर आपला मुरलेला राजकारणी. लोणचं मुरतं, माणूसही मुरतो. तो शब्द मी एकदाच वाचला, पुन्हा कधी विसरलो नाही.

दिवसाला ५० शब्द, ३० दिवसांत इंग्रजी, असल्या जाहिरातींवर मी पैसे घालवले आहेत, तुम्ही घालवू नका. गुरू निवडताना एवढंच बघा: अर्थ विचारल्यावर तो लगेच अर्थ सांगतो, की 'वाक्य काय आहे?' असं विचारतो. त्या अहवालानंतर ऑफिसातल्या एका मॅडमनी मला बसवून घेतलं. काहीही विचारलं की त्या म्हणायच्या, "अरे, आधी पूर्ण ओळ वाच ना." आधी राग यायचा. वर्षभरात माझं विचारणं निम्म्यावर आलं, कारण ओळ वाचतानाच उत्तर सापडायचं.

आता माझ्या वहीत एका पानावर एकच कूळ असतं. साइनचं पान सांगतो: साइन, सिग्नल, सिग्नेचर, रिझाइन, रेझिग्नेशन, असाइन. साइन आणि रिझाइनमधलं 'जी' अक्षर गप्प असतं, सिग्नेचर आणि रेझिग्नेशनमध्ये ते बोलतं. हे दिसल्यापासून रिझाइनचं स्पेलिंग चुकलं नाही. प्रत्येक शब्दाखाली जिथं तो भेटला ते वाक्य, तारखेसह. मराठी अर्थ पेन्सिलीनं लिहितो. दुसरं वाक्य भेटलं आणि अर्थ सरकला, तर खोडून नवा लिहिता येतो. ओव्हरसाइटच्या पानावर अजून तो जुना मेल चिकटवलेला आहे, ॲनभोवती लाल गोल करून.